सोयगावची करवली

श्रेया अंगावर प्यायला लागली की दीपमालाचा डावा हात लेकीचा आणि उजवा मोबाईलचा, अशी वाटणीच झाली होती. नातीच्या जन्मापासून सासूबाई, द्वारकाबाई, गारखेड्याच्या या फ्लॅटमध्ये मुक्कामाला होत्या. त्या दारातून डोकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी त्या मोबाईलला पाज पोटभर. उरलं तर माझ्या नातीला दे."

"आई, दोन मिनिटं फक्त."

"तुझी दोन मिनिटं लग्नाच्या मुहूर्तासारखी. टळून गेली तरी सुरूच."

दीपमाला हसायची, पण मोबाईल खाली ठेवायची नाही. दिवसभरात तेवढंच तर तिचं स्वतःचं होतं. बाळंतपणाआधी ती एका शिकवणीत गणित शिकवायची. तिथं पोरं तिला घाबरायची, तिचं ऐकायची. आता दुपट्यांच्या दोरीखाली बसलेल्या बाईला सगळे 'श्रेयाची आई' म्हणायचे. ते खोटं नव्हतं, कडूही नव्हतं. पण मोबाईलच्या आत ती अजून कुणीतरी होती. तिथं तिला हजारो लोक 'ॲडमिनताई' म्हणत.

पेजचं नाव 'शाई फॅमिली'. शाई म्हणजे शाइस्ता, हळदीच्या गाण्यांची राणी. छातीच्या फासळ्या हलवणारा डीजेचा ठेका, त्यावर तिचा तो किंचित फाटका, चढा आवाज. गेली काही वर्षं या भागात तिच्या गाण्याशिवाय कुणाची हळद उरकत नव्हती. तिचं पहिलं गाजलेलं गाणं 'सोयगावची करवली' लागलं, की गुडघे धरून बसलेल्या आत्या-मावश्यासुद्धा पदर खोचून उठायच्या.

आणि ती करवली म्हणजे दीपमाला. हे मात्र पेजवर कुणालाही ठाऊक नव्हतं.

दोघी कॉलेजात एका बाकावरच्या. दीपमाला सोयगावहून आलेली, हॉस्टेलला राहणारी. शाइस्ता रोशन गेटच्या मागच्या गल्लीतली. दीपमालाच्या थोरल्या बहिणीचं, मोनिकाचं, लग्न निघालं तेव्हा शाइस्ता तिच्यासोबत सोयगावला गेली होती. हळदीच्या दिवशी डीजेची गाडी फर्दापूरच्या पुढं बंद पडली. मांडवात हळद लावलेल्या बायका नुसत्या एकमेकींची तोंडं बघत बसलेल्या. तेव्हा शाइस्तानं आचाऱ्याकडून परात मागून आणली, पालथी घातली आणि म्हणाली, "आमच्याकडं डीजे नसतोच. आमच्याकडं जमिलाखाला असते."

जमिलाखाला म्हणजे तिची मावशी. शाइस्ताच्या घरी लग्न म्हटलं की बायका ढोलक घेऊन दालनात बसत. जी वाजवते ती बसलेल्या एकेकीचं नाव गाण्यात ओवते आणि तिची टर उडवते. टर उडवायची ती आपल्या माणसाची. परक्या पाहुणीला कुणी हात लावत नाही, तिला अदबीनं सरबत देतात. जिचं नाव निघालं तिनं तिथंच, त्याच ठेक्यावर जवाब द्यायचा. जवाब लागू पडला की वाजवणारी एक मोठी थाप देते. म्हणजे झालं, मिटलं, पुढची घ्या.

शाइस्तानं परातीवर बोटं नाचवली आणि समोर बसलेल्या दीपमालाला धरलं:

"सोयगावची करवली, हिची वेणी गं लांब,
नवरदेव आला दारी, ही म्हणते, जरा थांब!"

मांडव हसला. दीपमाला हळदीनं माखलेली, तोंडावर केस आलेले, पण ती कुणाला ऐकते? तिनंही ठोकून दिलं:

"शहराची ही मैत्रीण, हिला परात लई प्यारी,
वाजवता वाजवता खाल्ले लाडू चारी!"

परातीवर अशी थाप पडली की आचारी बाहेर पळत आला.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. फिरत फिरत ते शहरातल्या एका स्टुडिओवाल्यापर्यंत गेलं. त्यानं दीपमालाचा जवाब कापला, परात कापली, खाली डीजेचा ठेका घातला आणि शाइस्ताची शाई झाली. दीपमालानं कौतुकानं पेज सुरू केलं. सुरुवातीला दोघी मिळून त्या ठेक्याला नावं ठेवायच्या, हसायच्या. "बघ ना दीपे," शाइस्ता म्हणायची, "तुझ्या वेणीवर अख्खा जिल्हा नाचतोय आणि तू मेसची आमटी पितेयस."

पुढं दीपमालाचं लग्न झालं, सुदर्शनची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी, शिफ्ट, मग श्रेया. शाइस्ता गावोगाव फिरत राहिली. पण एक नेम तिनं मोडला नव्हता. नवं गाणं झालं की पहिलं दीपमालाला.

या खेपेलाही तसंच झालं. दुपारी श्रेयाला मांडीवर आडवी घेऊन थोपटत असताना मेसेज आला. आधी गाणं, मग शाइस्ताचा आवाज.

"दीपे, ऐक. अजून कुणालाच पाठवलं नाही. खाला वाजवतेय. हे काय आहे ते तुझ्याशिवाय कुणालाच कळायचं नाही बघ. ओळख बरं!"

दीपमालानं गाणं लावलं. डीजे नाही. नुसता ढोलक, बायकांच्या टाळ्या, टाळ्यांबरोबर वाजणाऱ्या बांगड्या, मध्येच कुणाचं तरी खोकणं, तेही काढलेलं नाही. शाइस्ता दख्खनी उर्दूत एका विहिणीची खोड काढत होती, आणि पलीकडून एक विहीण तिला जवाब देत होती. जवाब संपला आणि थाप पडली.

दीपमालाच्या अंगावर काटा आला. ओळखायचं काय त्यात? मोनिकाची हळद होती ती. फक्त परातीच्या जागी ढोलक.

पण ती 'ओळखलं' असं म्हणाली नाही. एक जुनं कुसळ होतं. श्रेयाच्या बारशाला शाइस्ता आली नव्हती. लेकीच्या कानात नाव सांगताना आत्याच्या शेजारी शाइस्ताला उभं करायचं, हे दीपमालानं पोट दिसायला लागलं तेव्हापासून ठरवलं होतं. पण शाइस्ताचा नागपूरला कार्यक्रम निघाला. तिनं कुरियरनं एक भलंमोठं अस्वल पाठवलं, पाळण्यात मावणार नाही एवढं. ते अस्वल अजून कपाटावर बसलं होतं आणि दीपमालाकडं बघत होतं. ओळखते सावकाश, तिनं मनात म्हटलं. तिलाही कळू दे वाट बघणं काय असतं.

मग श्रेयाला ताप आला, लसीचा होता, उतरला. पण तेवढ्यात चार-पाच दिवस गेले, आणि 'दालान' नावानं शाईची ती सगळी गाणी जगासमोर आली.

पेजवर नुसता गोंधळ माजला.

"शाई, स्टुडिओत लाईट गेली होती का गं?"

"माझ्या लग्नाची तारीख निघालीय. ह्याच्यावर वरात काढू? घोडं झोपंल."

"आमच्या आत्याला लई आवडलं. म्हणजे संपला विषय."

दीपमाला वाचताना खुदकन हसली. श्रेयानं दूध सोडून तिच्याकडं बघितलं आणि तीही हसली. इथवर सगळं गमतीचं होतं.

पण त्यांच्या मागून दुसरी माणसं आली. त्यांनी गाणं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. "आता उर्दूतच गाणार का?" एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, "शेवटी गेलीच आपल्या लोकांत. आपण उगाच डोक्यावर घेतलं."

असलं काही आलं की दीपमाला ते एका बोटानं पुसून टाकायची. ॲडमिन होती ती. पूर्वी कुणी शाइस्ताच्या नाकावरून बोललं तरी त्याला पेजवरून हाकलून दिलं होतं तिनं. आज तिचं बोट त्या ओळीवर गेलं आणि थांबलं. खाली लोक तिलाच हाका मारत होते. 'ॲडमिनताई, तुम्ही बोला.' 'ॲडमिनताई, शाईला सांगा.' 'ताई गप्प का?' कधी नव्हे ते सगळं पेज तिच्या तोंडाकडं बघत होतं.

श्रेया तिची बट ओढत होती. एका हातानं ती मूठ सोडवत दुसऱ्या हातानं दीपमालानं लिहिलं:

"आम्हाला आमची शाई परत पाहिजे. जिनं सोयगावची करवली नाचवली, ती शाई कुठं हरवली? शाई, मोठी झालीस, पण आपलं मूळ विसरू नकोस."

'मूळ' हा शब्द लिहिताना तिचा हात किंचित अडखळला. मूळ काय होतं ते जगात दोघींना तर ठाऊक होतं. पण वाक्य छान जमलं होतं, आणि श्रेयाला दुसरीकडं घ्यायचं होतं, आणि भात कुकरमध्ये होता. तिनं बटण दाबलं.

तासाभरात लोकांनी ते उचललं. 'वाह ताई!' 'मनातलं बोललात!' कुणी त्याची पाटी बनवली, कुणी त्यावर डीजेचा ठेका टाकून रील केलं. पान्हा फुटावा तसं दीपमालाला आतून भरून आलं. सुदर्शन कामावरून आला तर तिनं त्याला दाखवलं.

"तुझी मैत्रीण वाचंल ना पण हे?" तो बूट काढत म्हणाला.

"वाचू दे. माझ्यासाठी थोडंच आहे? लोकांचं म्हणणं मांडलं मी."

"मग ठीक," सुदर्शन म्हणाला. त्याला जेवायचं होतं.

शाइस्ताचा काही मेसेज आला नाही. नाही म्हणायला आधी ते गाणं पाठवलं होतं त्याखाली तिचा एक प्रश्न त्या आधीच येऊन पडला होता. 'ओळखलं का गं?' तो तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी बिडकीनला शाईचा कार्यक्रम होता. मैदानात स्टेज, मोठ्या पडद्यावर तिचं चित्र. कुणीतरी मोबाईलवर थेट दाखवत होतं. दीपमाला श्रेयाला पाजत गादीवर बसली होती. द्वारकाबाई शेजारी लसूण सोलत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवून बघत होत्या.

शाइस्तानं स्टेजवर सतरंजी अंथरायला लावली होती. मध्ये जमिलाखाला बसली होती, पांढरी ओढणी, मांडीवर ढोलक. बाजूला तीन-चार बायका. दीपमालानं खालाला कितीदा बघितलं होतं. तिच्या हातची खिचडी-खट्टा खाऊन ती परीक्षांना गेली होती. खालानं एवढी माणसं आयुष्यात बघितली नसतील. तिनं ओढणी सारखी केली, शाइस्ताकडं बघून मान हलवली आणि ठेका धरला.

दुसरी ओळ सुरू व्हायच्या आधीच मागून आरडाओरडा सुरू झाला. "डीजे! डीजे!" पोरांनी पाट्या वर केल्या. मोबाईल हलत होता तरी दीपमालाला पाटी वाचता आली. 'आपलं मूळ विसरू नकोस.' तिचं वाक्य. तिच्या पेजचं नाव खाली.

शाइस्तानं हात जोडले, म्हणाली, "एक गाणं ऐका माझं. आवडलं नाही तर सांगा." तिनं पुन्हा उचललं. शिट्ट्या वाढल्या. पाण्याची एक रिकामी बाटली उडत आली आणि ढोलकावर आपटली. फार लागण्यासारखं काही नव्हतं. पण खाला थांबली. तिनं ढोलकाच्या पुडीवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तो तिथंच ठेवून ती बसून राहिली.

आयोजकांपैकी कुणीतरी घाबरून 'सोयगावची करवली' लावून दिलं. ठेका फुटला. मैदान उसळलं. शाइस्ता क्षणभर उभी राहिली, मग तिनं माइक तोंडाशी घेतला आणि नाचायला लागली. रंगीत दिवे गरागरा फिरायला लागले. आणि त्या दिव्यांच्या मधोमध, सतरंजीवर, खाला तशीच ढोलक धरून बसली होती. तिच्या भोवतीनं शाइस्ता नाचत होती.

"अगं, त्या म्हातारीला उठवा की कुणी!" द्वारकाबाई म्हणाल्या. "असं बसवून ठेवतेत व्हय माणसाला? कुणाची कोण ती?"

 मोबाईलच्या पडद्यावर भराभर ओळी येत होत्या. 'आपण जिंकलो!' 'ॲडमिनताई जिंदाबाद!' 'ताईंमुळं जुनी शाई परत आली!'

श्रेया एकदम रडायला लागली. दूध आटलं होतं की दीपमालाच दचकली होती, कोण जाणे. द्वारकाबाईंनी लसणाचे हात पदराला पुसले, नातीला उचललं आणि सुनेकडं न बघता म्हणाल्या, "ठेव आता तो."

दीपमालानं ठेवला. पण ठेवून काय होतं? पोळ्या लाटताना, लंगोट वाळत घालताना तिला तो ढोलकावरचा हात दिसत राहिला. सगळ्या जगाला ठाऊक नसेल, तिला तर ठाऊक होतं. लोकांनी न कळून ओरडावं, त्यांचं काय चुकलं? त्यांना डीजेच मूळ वाटत होता. परात तिनं बघितली होती. ती एकच अशी होती, जिनं 'अरे, हेच तर तिचं पहिलं आहे' असं म्हटलं असतं तर निदान थोडी माणसं थांबली असती. आणि तिनं पाटीवर लिहायला वाक्य दिलं.

दोन दिवसांनी शाईनं जाहीर केलं: 'तुमच्या मागणीवरून नवं डीजे गाणं येतंय. दालान पुन्हा कधीतरी.' खाली हसरा चेहरा. शाइस्ता कधी असा चेहरा टाकायची नाही. 

त्या दुपारी तिनं पेजवर खरं काय ते लिहिलं. सोयगावची हळद, बंद पडलेली गाडी, परात, जवाब, थाप. 'ती करवली मी आहे,' असं लिहिलं. 'शाई बदलली नाही. ती सुरुवातीला जिथं होती तिथं परत गेली होती. मला ते पहिल्या ठेक्यालाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. मूळ मी विसरले.' आणि मागं जाऊन त्या उर्दूवाल्या, आपल्या-लोकांवाल्या ओळी एकेक पुसल्या. इतक्या दिवसांनी पुसल्या तर कुणाला कळलंही नाही.

लोकांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. 'लई लांब लिहिलंय ताई, थोडक्यात सांगा.' 'ॲडमिन विकली गेली.' 'करवली म्हणे! प्रत्येक सोयगाववालीला हेच वाटतं.' संध्याकाळपर्यंत त्यावर तिसरंच कुणाचं तरी लग्नाचं रील येऊन बसलं.

तिनं शाइस्तालाही लिहिलं. 'ओळखलं होतं. चुकले.' दोन निळ्या खुणा उमटल्या. पलीकडून काही आलं नाही.

रविवारी दुपारी तिनं श्रेयाला आंघोळ घातली, काजळाची तीट लावली, टोपडं बांधलं.

"कुठं निघाली स्वारी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"शाइस्ताकडं. माफी मागायचीय."

द्वारकाबाई उठल्या. आत गेल्या आणि गावाहून आणलेल्या खारोड्यांची पिशवी घेऊन आल्या. "त्या वाजवणाऱ्या बाईला दे. म्हणावं, बाजरीच्या हैत, हातच्या. आणि पोरीच्या आडून बोलू नको. स्वतःच्या तोंडानं बोल."

रोशन गेटच्या मागच्या गल्लीत रिक्षा शिरली तेव्हाच तिला ढोलक ऐकू आला. जिन्यावर चपलांचा ढीग. खालाच्या भाचीच्या हळदीचा दिवस निघाला होता, हे तिला काय माहीत! परत फिरावं असं वाटलं. पण दारातल्या एका मुलीनं श्रेयाचे गाल ओढले आणि "आओ आओ, अंदर आओ" म्हणत दोघींना आत नेलंच.

दालनात पिवळे कपडे घातलेली नवरी, भिंतीला टेकून बायका, मध्ये शाइस्ता. ढोलक आज तिच्या मांडीवर होता. खाला शेजारी पाय लांब करून टाळ्या देत होती. शाइस्ताचं लक्ष दारात गेलं. बोटं थांबली नाहीत. ती हसली, पाहुण्यांकडं बघून हसतात तसं.

"या ना, बसा," ती म्हणाली. "अगं, यांना सरबत द्या."

गुलाबी सरबताचा थंड पेला दीपमालाच्या हातात आला. तिनं तो घेतला आणि तिला काय मिळालं होतं ते कळलं. या घरात तिला आजवर कुणी सरबत दिलं नव्हतं. "ऊठ, भांडं घे, पाणी पी" म्हणायचे.

"शाइस्ता, मला तुझ्याशी..."

"गाणं होऊ द्या आधी," शाइस्ता म्हणाली, आणि नवरीच्या भावजयीकडं वळली:

"भाबी आई पैठन से, पहनी साडी लाल,
बिर्यानी की देग पो करती सारी रात देखभाल!"

भावजय कमरेवर हात ठेवून उठलीच. तिनं शाइस्ताच्या आवाजाला कोंबड्याची उपमा दिली, थाप पडली, बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मग शेजारणीचा नंबर, मग नवरीच्या आत्याचा, मग सरबत वाटणाऱ्या मुलीचा. शाइस्ता गोल फिरत येत होती. दीपमालाच्या आधीच्या बाईचं नाव झालं. आता दीपमाला. काहीही म्हण, तिला वाटत होतं, वाट्टेल ते म्हण मला.

शाइस्ताची नजर तिच्यावरून सरकून पलीकडच्या बाईवर गेली.

दीपमालाच्या हातातल्या पेल्याला घाम फुटला होता. मांडीवर श्रेयाला मात्र जोर आला होता. सगळ्या टाळ्या वाजवतात म्हणून तीही वाजवत होती, भलत्याच ठिकाणी, उलट्या तळव्यांनी, आणि प्रत्येक टाळीला स्वतःच चकित होत होती. शाइस्तानं बघितलं. तिला आवरलं नाही. तोंडातून हसू सुटलंच, तिचं ते जुनं, नाकातून येणारं.

"गारखेडे की छोकरी, ना दाँत ना बाल,
ताली मारे उल्टी, बिगाडे मेरा ताल!"

दालन हसलं. श्रेयाला वाटलं आपण फार मोठं काही केलं. ती अजून जोरात टाळ्या वाजवायला लागली.

"जवाब! जवाब!" भावजय ओरडली. "बच्ची का जवाब माँ देगी! कौन है माँ, क्या नाम है?"

"मेहमान हैं," शाइस्ता खाली बघत म्हणाली. "रहने दो."

पण ठेका चालूच होता. लेकीचं नाव निघालं होतं आणि जवाब आईवर आला होता. दीपमालानं पेला खाली ठेवला.  आवाज निघाला तो चिरकाच निघाला.

"सोयगावची करवली, हिची वेणी झाली छोटी,
तोंड मात्र मोठं, आणि जीभ लई खोटी."

बायका फसफसून हसल्या. स्वतःचीच टर उडवणारी त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला. शाइस्ता हसली नाही. तिची बोटं चालत होती. दीपमालानं खालाकडं बघितलं आणि पुढच्या ओळी म्हटल्या, जवळजवळ बोलल्यासारख्या:

"ओळखीचं गाणं, तरी हिनं झाकून घेतले कान,
खालाच्या ह्या ढोलकाचा हिनं केला अपमान."

हसू हळूहळू विरलं. नवरीनं खालाकडं बघितलं. खालाच्या टाळ्या थांबल्या होत्या.  मग पुढं वाकून तिनं श्रेयाचं सुटलेलं टोपडं नीट बांधलं.

"बाटली हौर कोई फेका था बेटा," ती हळू म्हणाली, "तू तो घर में थी ना."

"घरात होते म्हणूनच तर," दीपमाला म्हणाली.  तिनं खारोड्यांची पिशवी खालाच्या पायाशी सरकवली.

आता फक्त थाप राहिली होती. दीपमाला शाइस्ताच्या उजव्या हाताकडं बघत होती. जवाब लागू पडला तर तो हात वर उठतो. तो उठला नाही. ठेकाही थांबला नाही. शाइस्ता मान खाली घालून वाजवत राहिली, एकच एक बोल, पुन्हा पुन्हा, जणू पुढची ओळ सुचत नव्हती. कपाळावर घाम आला होता तो तिनं खांद्याला पुसला. मग तिनं मान वर केली, दीपमालाच्या पलीकडं बसलेल्या बाईकडं बघितलं आणि तिचं नाव घेतलं.

निघताना दीपमालाला कुणी थांबवलं नाही, कुणी हाकललंही नाही. खालानं जिन्यापर्यंत येऊन श्रेयाच्या मुठीत एक बत्तासा दिला आणि ती तो खाणार नाही म्हणून परत काढून घेतला, दीपमालाच्या तोंडात घातला. मागं दालनात गाणं पुढं गेलं होतं.

रिक्षात दीपमालानं मोबाईल काढला नाही. गल्ली संपेपर्यंत ढोलक येत होता. प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, आता थाप पडेल. मोठ्या रस्त्याला लागल्यावर हॉर्नशिवाय काही ऐकू येईना. तोंडातला बत्तासा विरघळत होता.

श्रेयानं मान मागं टाकून आईचं तोंड बघितलं आणि आपला इवलासा तळवा तिच्या छातीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. थाप, दीपमालाला वाटलं. मग तिनं पदर पुढं घेतला. लेकीला भूक लागली होती, बाकी काही नव्हतं.